मेजावरचा मुलूख



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी हयातभर भूगोल शिकविला, आणि डोंगर, नदी व खिंड यांची नावे पाठ करून घेण्याऐवजी त्यांतून वाट कशी काढाल असे ते विद्यार्थ्यांना विचारीत, अशी त्यांची ख्याती आहे. त्या भरवशावरच मी आजचा विषय निवडला. बोटाएवढ्या उंचीचे शिपाई मेजावर मांडून, फूटपट्टी आणि फासे हाती घेऊन, प्रौढ व पोक्त माणसे जो लढाईचा खेळ खेळतात त्या खेळातील जमिनीविषयी मी बोलणार आहे हे कळल्यावर चालकांपैकी एकदोघांच्या मुद्रेवर जी शंका उमटली ती माझ्या नजरेतून सुटली नाही. परंतु जो खेळ एके काळी प्रशियाच्या राजवाड्यात मांडला गेला आणि ज्याचे नियम पुढे लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात दाखल झाले, त्याला पोरखेळ म्हणून दाराबाहेर उभे करणे मला प्रशस्त वाटत नाही.

बुद्धिबळाच्या पटाला भूगोल नाही. चौसष्ट घरांपैकी एकही घर उंचवट्यावर नाही, एकाही घरात चिखल नाही, घोड्याला चढ लागत नाही आणि हत्तीला नदी आडवी येत नाही. दोन्ही फौजा समसमान, मैदान सपाट, आणि जे काही वैषम्य उत्पन्न व्हायचे ते केवळ खेळणाऱ्याच्या बुद्धीतून, असा त्या खेळाचा शुद्ध, जवळजवळ वेदान्ती म्हणावा असा, संकेत आहे. अठराव्या शतकातील जर्मन पंडितांना नेमका हाच संकेत खटकला. ब्रन्स्विकच्या दरबारी सरदारपुत्रांना शिकविणारा हेलविग हा गणिती; त्याने 1780 साली 1617 घरांचा एक विस्तीर्ण पट प्रसिद्ध केला आणि त्या घरांना निरनिराळे रंग दिले: डोंगराला एक, पाण्याला दुसरा, दलदलीला तिसरा, रानाला चौथा. घर आता नुसते घर राहिले नाही, त्याला स्वभाव आला; एका घरातून दुसऱ्या घरात जाणे हे कोणत्या मोहऱ्याने आणि कोठून जायचे आहे यावर अवलंबून राहू लागले.

यानंतरची हकीकत बापलेकांची आहे. थोरला राइसविट्झ हा ब्रेस्लौ येथील मुलकी अधिकारी. त्याला चौकोनांचे बंधनच नको होते. त्याने आधी वाळूत डोंगरनद्या उठवून त्यांवर खेळ मांडला. तो राजपुत्रांना आवडला आणि त्यांनी तो राजाच्या कानी घातला. तेव्हा महाराजांपुढे वाळू पसरणे बरे दिसणार नाही असे वाटून त्याने 1812 साली तिसऱ्या फ्रीडरिख विल्हेल्मला एक भव्य मेज अर्पण केले, ज्याच्या खणांत प्लास्टरचे उठावदार, रंगविलेले तुकडे ठेवलेले होते, आणि ते हवे तसे जुळवून हवा तो मुलूख उभा करता येत असे. धाकटा राइसविट्झ तोफखान्यातील अधिकारी. त्याने 1824 साली आपले नियम छापले तेव्हा बापाचे प्लास्टर बाजूला सारले आणि 1:8000 प्रमाणाचे नकाशे हाती घेतले. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम लिहून पंचाच्या स्वाधीन करावेत, एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे धरावी, आणि समोरच्याला ज्या तुकड्या दिसणे शक्य आहे तेवढ्याच पंचाने नकाशावर मांडाव्यात, अशी त्याची तजवीज होती. प्रशियाच्या सेनामंडलाचा प्रमुख म्युफलिंग, जो वॉटर्लूला वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून हजर होता, त्याने हा खेळ पाहून साऱ्या सैन्याकडे त्याची शिफारस केली. ज्याने खरी लढाई एवढ्या जवळून पाहिली होती त्याला मुलाचा रूक्ष नकाशा पटला, याला माझ्या मते मोठा अर्थ आहे.

बापाचे मेज देखणे होते यात शंका नाही. परंतु रणभूमीचा जो प्रधान गुण, म्हणजे ती झाकते, तो त्या देखण्या प्लास्टरात उतरला नाही, मुलाच्या कागदात उतरला. आजचा मेजावरचा खेळ बापाचा वारस आहे. खेळणारा मेजाशी उभा असतो. शिपायाच्या उंचीच्या पंचवीस-तीस पट वरून तो दोन्ही फौजा, टेकडीच्या दोन्ही बाजू, रानाचे अंतरंग आणि गावाच्या मागची गल्ली एकाच दृष्टिक्षेपात पाहतो. इतके ज्ञान जगातील कोणत्याही सेनापतीला रणांगणावर कधी लाभले नाही. म्हणून मेजावर जमिनीचा उपयोग करणे याचा माझ्या मते एकच अर्थ आहे: वरून पाहणाऱ्या डोळ्याने जमिनीचे जे हरण केले ते नियमांच्या व मांडणीच्या द्वारे तिला परत मिळवून देणे, आणि मग प्रतिपक्षाला सारे दिसत असूनही त्याचा उपयोग करता येणार नाही अशा जागी त्याला नेऊन उभे करणे.

एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे छोटेखानी पुस्तक लिहून हा खेळ घरातील जमिनीवर आणला तेव्हा ही अडचण त्याला फारशी जाणवली नाही, कारण त्याच्या तोफा खरोखर उडत असत. स्प्रिंगच्या जोरावर लाकडाची गोळी फेकणारी ती खेळण्यातली तोफ. समोर पुठ्ठ्याचे घर असले तर गोळी घराला लागे आणि मागचा शिपाई उभा राही, नसले तर तो पडे. आडोशाचा निराळा कायदा करण्याची गरजच नव्हती, आडोसा आपला न्याय आपणच करीत असे. पायदळाला एका चालीत एक फूट आणि घोडेस्वाराला दोन फूट, एवढा त्याचा हिशेब. डोंगर करण्यासाठी त्याने विश्वकोशाचे खंडसुद्धा कामी आणले. ज्ञानाचा एवढा प्रत्यक्ष उपयोग कोणत्याही विद्यापीठाने केला नसेल. तोफ जाऊन फासा आला, 1962 साली डोनाल्ड फेदरस्टोनच्या ‘वॉर गेम्स’सारख्या पुस्तकांनी हा छंद सामान्य माणसाच्या हाती दिला, आणि मग आडोसा हा नियमसंग्रहातील कलमाचा विषय झाला.

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, त्यांवर हळीव पेरतात, बुरुजावर मावळे बसवितात आणि शिखरावर महाराजांना. हौसेच्या व कारागिरीच्या बाबतीत हे किल्ले कोणाला हार जाणार नाहीत. पण त्यांतील मावळ्याची जागा शोभेने ठरते. त्या बुरुजावरून खालची वाट त्याला दिसते का, दरवाज्याशी आलेला गनीम त्याच्या टप्प्यात येतो का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि उत्सवात विचारण्याचे कारणही नाही. मेजावरच्या खेळात मात्र पहिला प्रश्न हाच. म्हणून जाणता खेळाडू शिपाई मांडण्यापूर्वी गुडघ्यावर बसतो आणि मेजाच्या पातळीवर डोळा आणून पाहतो. लोकांना ते हास्यास्पद वाटते. त्या पातळीवरून पाहिले की मघाशी क्षुल्लक वाटलेला दोन इंचांचा उंचवटा अर्धा मुलूख गिळून बसलेला दिसतो, आणि ज्या रानावर भरवसा ठेवला होता त्याच्या दोन झाडांमधून शत्रूच्या तोफेचे तोंड सरळ आपल्याकडे वळलेले आढळते.

या ठिकाणी प्रमाणाची एक फसवणूक लक्षात घेतली पाहिजे, कारण नवशिक्याचा पहिला घात तीच करते. 28 मिलिमीटरचा शिपाई हा खऱ्या माणसाच्या सुमारे छप्पन्नाव्या हिश्शाचा. 2012 साली निघालेल्या ‘बोल्ट ॲक्शन’ या दुसऱ्या महायुद्धाच्या नियमसंग्रहात बंदुकीचा पल्ला 24 इंच आहे. छप्पन्न पटीने गुणले तर तो जेमतेम 34 मीटर भरतो, म्हणजे खऱ्या रायफलीची गोळी जेथे गावाची वेस ओलांडून पुढे जाईल तेथे मेजावर ती अंगणातच पडते. माणूस एका प्रमाणात आणि अंतर दुसऱ्याच प्रमाणात, अशी ही दुटप्पी सृष्टी आहे. त्यामुळे मेजावरचे एक घर म्हणजे एक घर नव्हे. नेपोलियनच्या काळच्या लढायांत तर तेच घर एखाद्या वस्तीच्या ठिकाणी उभे असते आणि तीन झाडे म्हणजे एक जंगल असते. जो खेळाडू हे विसरून डोळ्यांना दिसते तेच खरे मानतो, तो त्या घराच्या मागे पलटण दडवतो आणि नियमाप्रमाणे ती उघडीच ठरली की पंचाशी हुज्जत घालतो.

आता जमीन देते काय आणि घेते काय याचा हिशेब पाहू. देते ती आडोसा, आणि त्याची किंमत सरळ अंकगणिताने काढता येते. याच ‘बोल्ट ॲक्शन’च्या पहिल्या आवृत्तीत उघड्यावरच्या शत्रूवर नेम लागण्यास फाशावर तीन किंवा अधिक पडावे लागत; कुंपण, झुडूप असा मऊ आडोसा असेल तर एक वजा आणि भिंत, खंदक असा टणक आडोसा असेल तर दोन वजा. बारा गोळ्या झाडल्या तर उघड्यावर सरासरीने आठ लागतात, झुडपामागे सहा, भिंतीमागे चार. भिंतीमागचा एक शिपाई याप्रमाणे उघड्यावरच्या दोघांच्या तोलाचा होतो, आणि हे एकदा कळले की बहुतेक खेळाडू भिंतीमागे जाऊन बसतात व तेथून हलत नाहीत. मला हा दोष फार मोठा वाटतो. भिंतीने मरण निम्मे केले, परंतु विजय ज्या चौरस्त्याच्या ताब्यावर अवलंबून आहे तो चौरस्ता दीड फूट पुढे राहिला आणि फेऱ्या संपत आल्या, अशा अवस्थेत सुरक्षित राहिलेल्या फौजेचे करायचे काय?

कारण जमीन घेते ती वेळ. प्रत्येक रान, प्रत्येक ओढा, प्रत्येक नांगरलेले शेत हा एक जकातनाका आहे, आणि त्यावरची जकात फेऱ्यांच्या नाण्यात वसूल होते. फेरीला सहा इंच चालणाऱ्या पायदळाला आठ इंच रुंदीची सपाटी दोन फेऱ्यांत पार करता येते. तेथेच रान असेल आणि रानात चाल निम्मी होत असेल तर तीन फेऱ्या जातात. आणि खेळच सहा फेऱ्यांचा असेल तर त्या पलटणीने अर्धे आयुष्य झाडांत काढले असे होते. घोडदळाला आणि तोफांना तर कित्येक नियमांत रानाचा परवानाच नाही. म्हणून नकाशा पाहताना मी प्रथम आडोसा पाहत नाही. शत्रूला आपल्याकडे येण्याच्या वाटा किती आणि प्रत्येक वाटेवर त्याला किती फेऱ्या मोजाव्या लागतील हे पाहतो, आणि जी वाट स्वस्त आहे तीवर तोफ ठेवून तिला महाग करतो. शत्रूने रानातून यावे अशी व्यवस्था झाली की रान आपल्या बाजूने लढू लागते, मग त्यात आपला एकही माणूस नसला तरी चालते.

टेकडीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण मेजावर टेकडीइतका दुरुपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही. टेकडी दिसली की तिच्या माथ्यावर तोफा आणि पायदळ चढवून बसविणे हा नवशिक्याचा स्वभावधर्म आहे. वेलिंग्टनने 18 जून 1815 रोजी वॉटर्लूला माँ सँ झाँच्या धारेवर बरोबर याच्या उलट केले. तोफा माथ्यावर ठेवल्या आणि पायदळाचा मोठा भाग धारेपलीकडच्या उतारावर, फ्रेंचांच्या नजरेआड, बसवून ठेवला. फ्रेंच तोफांना मारायला डोळ्यांपुढे माणसेच नव्हती, आणि फ्रेंच रांगा चढ चढून माथ्यावर आल्या तेव्हा त्या अकस्मात अगदी जवळ उभ्या असलेल्या फळीसमोर येऊन ठेपल्या. मेजावर हेच करायचे तर अंतराचा अंदाज लागतो. बंदुकीचा पल्ला बारा इंच धरला तर माथ्यामागे चार-पाच इंचांवर फळी लावावी. शत्रूची पहिली पलटण माथ्यावर येते ती एकटी येते, तिच्या मागच्या पलटणींना आपण दिसत नाही, आणि आपल्या दोन-तीन पलटणी तिच्यावर एकदम बार काढतात. फळी माथ्याला अगदी चिकटून लावली तर शत्रू नजरेआडून सरळ अंगावर येतो. फार मागे लावली तर त्याला माथ्यावर सावरून आपली रांग बांधायला सवड मिळते. ही चार-पाच इंचांची पट्टी हीच टेकडीची खरी किंमत, बाकी टेकडी शत्रूला खुशाल द्यावी.

त्या रणभूमीच्या नमुन्याचीही एक कथा आहे. विल्यम सायबोर्न या अधिकाऱ्याने तेथे मुक्काम ठोकून, जमिनीची कसून मोजणी करून, नऊ फुटांना एक इंच या प्रमाणात वॉटर्लूचा नमुना केला. तो 1838 साली लंडनमध्ये लोकांपुढे मांडला गेला आणि आज तेथील राष्ट्रीय सेना-संग्रहालयात आहे. पण सायबोर्नने मोजणी सुरू करण्यापूर्वीच सिंहाच्या स्मारकाचा प्रचंड ढिगारा रचण्यासाठी त्या धारेवरची माती खणून नेली गेली होती. विजयाचे स्मारक बांधण्यासाठी विजय मिळवून देणारी जमीनच उकरावी, यातील विनोद कोणा डच अधिकाऱ्याच्या लक्षात आला की नाही ते इतिहास सांगत नाही.

धारेच्या पुढे दोन वाडे होते, ऊगूमाँ आणि ला ए सँत. ऊगूमाँवर फ्रेंच डाव्या बाजूचे सैन्य दिवसभर आदळत राहिले आणि तेथे गुंतले ते धारेवरील लढाईला मुकले. ला ए सँतमध्ये मेजर बेअरिंगची जर्मन शिबंदी सायंकाळपर्यंत टिकली आणि मग दारूगोळा सरल्यामुळे वाडा गेला. या दोन वाड्यांपासून मेजावरचा खेळाडू एकच धडा घेतो व तो अर्धवट घेतो. तो गावात सगळी फौज कोंबतो. वास्तविक वाड्याची किंमत त्यात आपले किती लोक आहेत यावर ठरत नाही, शत्रूने त्यासाठी किती लोक बाहेर अडकविले यावर ठरते. तेव्हा तेथे ठेवायची शिबंदी इतकी थोडी असावी की ती गेली तरी लढाई जाऊ नये, आणि इतकी चिवट असावी की ती घेण्याचा मोह शत्रूला आवरू नये.

मेजावरची सर्वांत बळकट आणि सर्वांत खोटी तटबंदी मात्र कोणी प्लास्टरने घडवीत नाही. ती म्हणजे मेजाची कड. सहा फूट बाय चार फुटांच्या त्या फळ्यावर जो आपली बगल कडेला टेकवून उभा राहतो त्याला पृथ्वीच संपलेली असल्यामुळे वळसा पडण्याची भीती नसते. खऱ्या सेनापतीने अशी बगल मागितली असती तर त्याला समुद्र किंवा दरी शोधावी लागली असती. काही नियमसंग्रहांनी कडेवरून अवचित शिरणाऱ्या तुकड्यांची कलमे घालून या खोट्या तटाला भगदाड पाडले आहे, आणि ज्यांनी ती घातली नाहीत त्यांच्या खेळात कडेशी लपणारा खेळाडू वर्षानुवर्षे जिंकत राहतो. मी अशा विजयांना विजय म्हणत नाही.

दोन्ही बगलांना खरी जमीन मिळाल्याचे उदाहरण आपल्या मुलखातच आहे, आणि ते मेजावर वारंवार मांडले जाते. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावाजवळ, हाच वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, शिंदे व भोसले यांच्या फौजेसमोर आला. त्याच्याजवळ अवघी साडेनऊ हजारांच्या आसपास माणसे. समोर पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पायदळाच्या पलटणी, शंभराच्या आसपास तोफा, आणि घोडदळ तर अगणित. केळणेला उतार नाही असे वाटाड्यांनी निक्षून सांगितले. वेलस्लीने दोन तीरांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे पाहिली आणि मनाशी ताडले की, अशी दोन गावे एकमेकांशी व्यवहार केल्याखेरीज राहणार नाहीत आणि व्यवहार असेल तर उतार असलाच पाहिजे. उतार होता. तो पार करून तो बेचक्यात शिरला आणि दोन्ही नद्यांनी त्याच्या बगला धरल्या; त्या अरुंद जागेत मराठ्यांच्या विशाल घोडदळाला आपला पसारा मांडायला अवकाश उरला नाही. परंतु पोलमनही कच्चा नव्हता. त्याने आपली सबंध फळी शिस्तीने फिरवून उजवी बाजू केळणेला आणि डावी असईला टेकवली, त्यामुळे इंग्रजांना वळसा मिळाला नाही, समोरासमोर तोफांच्या तोंडी जावे लागले. त्यांची 1,584 माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. एवढ्या लहान फौजेला हा विजय भयंकर महाग पडला.

हा प्रसंग मेजावर मांडला की वरून सारे पाहणाऱ्या डोळ्याचा आरंभीचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. उतार मेजावर रंगविलेला असेल तर वेलस्लीच्या तर्काला काम नाही. आणि उजवीकडच्या टेहळणी तुकड्या घेऊन वेलस्लीचा अधिकारी ऑरॉक असई गावाच्या अंगाला भरकटला, त्याच्यामागे 74 वी पलटण गेली आणि गावातील तोफांनी ती जवळजवळ कापून काढली, ही चूक तर वरून पाहणारा कोणताही खेळाडू करणार नाही. यासाठी मला धाकट्या राइसविट्झकडे परत जाण्यावाचून गत्यंतर दिसत नाही. पोलमनच्या पक्षाने असईत किती पायदळ आणि किती तोफा आहेत ते आधी कागदावर लिहून पंचाच्या हवाली करावे, आणि 74 वी पलटण टप्प्यात येईपर्यंत गाव मेजावर रिकामे दिसावे. केळणेवर तीन-चार संभाव्य उतार असावेत, त्यांतील खरा कोणता ते पंचालाच ठाऊक असावे, आणि तो शोधण्यासाठी खेळाडूला नदीकाठच्या गावांखेरीज दुसरा पुरावा मिळू नये. तरीही इतिहास वाचलेला खेळाडू पिंपळगावकडेच धावेल. तेव्हा नकाशा फिरवून पूर्वेची पश्चिम करावी, गावांची नावे बदलावीत, शिंद्यांच्या फौजेला कोणत्याही युरोपीय संस्थानाचा गणवेश चढवावा, आणि ही असई आहे हे शेवटची फेरी खेळून होईपर्यंत कोणत्याही पक्षाला सांगू नये.